पसरणी घाटातली चार वळणं

घरी पाहुणा आला, की चहाबरोबर माझी सायकलची गोष्ट निघतेच. पणदऱ्याहून लेकीबरोबर पाचगणीला निघालेला, पोट सुटलेला बाप पसरणी घाटात कसा आडवा झाला, हे मी हातवारे करून सांगतो. लोक हसतात. गोष्टीत पुरणपोळ्या आल्या, की तर हमखास.

खरं तर ती वारी तिची होती. इंदापूरचं स्थळ ठरलं होतं. तिनं एकच मागितलं: लग्नाआधी एका दिवसात सायकलनं पाचगणी गाठायची, एकटीनं. त्यासाठी कितीतरी महिने ती पहाटे उठून मोरगावपर्यंत जाऊन येत होती.

"एकटी? सोयरे काय म्हणतील? मी येतो संगं," मी म्हणालो. मी सायकल चालवली होती ती डेअरीला दूध घालण्यापुरती, त्यातही निम्मी ढकलत.

अंधारातच निघालो. नीरा गेलं, लोणंद गेलं. मला वाटलं, आपण अजून बरेच दमदार आहोत. ती माझ्यासाठी हळू चालवत होती, हे पुष्कळ पुढं गेल्यावर कळलं.

वाईत माझी बहीण राहते. तिच्या गावावरनं जायचं आणि दारात पाय ठेवायचा नाही, म्हणजे आमच्याकडं वर्षभराचा अबोला.

"आबा, येताना जाऊ. पोटभर खाऊन घाट चढत न्हाय," लेक म्हणाली.

"पाचच मिनिटं. नुसतं पाणी पिऊ."

बहिणीनं पुरण रात्रीच वाटून ठेवलं होतं. "दादा, अजून एक घे. तूप बघ कसलं हाय!" मी प्रत्येक पोळीला नको म्हणालो, पण ताटावर हात काही आडवा धरला नाही. लेक पाणी पिऊन दारात सायकल धरून उभी होती.

घाटाला लागलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. बरंच वर गेलो, मग पोटऱ्यांत गोळे आले आणि पुरण गळ्याशी. झाडाखाली आडवा झालो.

"आबा, तुमी हितं सावलीत पडा. चारच वळणं राहिल्यात. मी वर जाऊन तासात येते."

"न्हाय. लग्न तोंडावर आलंय. घाटात एकट्या पोरीला काय कमीजास्त झालं तर?"

तिनं वर बघितलं, मग माझ्याकडं. बाटलीतलं उरलेलं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं आणि खाली जाणाऱ्या टेम्पोला हात केला.

काय होणार होतं तिला? भरदिवसा, वाहत्या रस्त्यावर? बाप खाली झोपला आणि पोरगी वर गेली, असं म्हणत गाव हसेल, याचीच मला भीती. आता मी स्वतःच सगळ्यांना हसवतो.

लग्नानंतर सायकल आमच्या गोठ्यातच राहिली. ने म्हटलं, तर म्हणते, "असू द्या तितंच."

गेल्या महिन्यात इंदापुरात, तिच्याच घरी, मी पुन्हा ती गोष्ट रंगवली. व्याह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. जावई म्हणाले, "मामा, एकदा गाडीनं नेतो तुमाला वर."

लेक कप गोळा करत होती. "आबा, एक सांगायचं ऱ्हातंय की," ती म्हणाली. "आदल्या दिवशी आत्याला फोन तुमीच केलेला, पोळ्या कर म्हणून."

सगळे परत हसले. ती कप घेऊन आत गेली.

तो फोन मी उसात उभं राहून केला होता. तिला कळू नये म्हणून.