कुरामोचींचं वाकणं

जपानमधल्या कावासाकी शहरातल्या आमच्या इमारतीचे रखवालदार कुरामोची उठता-बसता माफी मागत वाकायचे. लिफ्ट बंद पडली, वाकले. पाऊस आला तरी हेच वाकणार, जसे काही ढग यांनीच आणले! मी चिडवायचे, "अहो कुरामोचीसान, कंबर मोडेल एक दिवस."

"मोडू दे हो, इसोनोबाई. तुम्ही भिजलात ना!"

मी पोलिसांच्या कॅमेरा विभागात होते. शहरभरचे कॅमेरे माणसाची चाल, मान, श्वास मोजायचे आणि गुन्हेगार कोण ते यंत्र ठरवायचं. अटकेचं शेवटचं बटण तेवढं माणसानं दाबायचं. ते मी दाबायचे.

चौथ्या मजल्यावरच्या ओकात्सू नावाच्या मुलीचा जिन्यात खून झाला. कुरामोची तिच्या आईच्या दारात गेले आणि कपाळ जमिनीला टेकवून तसेच राहिले. आपल्या इमारतीत असं घडलं, तर रखवालदारानं माफी मागायची, ही इथली रीतच. पण दारावरच्या कॅमेऱ्यानं मोजलं, साडेचार मिनिटं. निकाल आला: अपराधी भावना, शंभरात सत्त्याण्णव.

मी धावत साहेबांकडे गेले. "साहेब, हा माणूस पावसासाठीसुद्धा वाकतो हो!"

"मग यंत्र चुकलं असं लेखी द्या. खाली सही तुमची."

यंत्राला चूक म्हणणारा नोकरीत टिकत नसे, आणि माझ्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. माझी दातखीळ बसली. माझ्या मेलीची जीभ तेव्हा कुठे गेली होती कोण जाणे! मी बटण दाबलं. बेड्या घालायला आलेल्या पोरांपुढेही ते वाकले म्हणे, "माझ्यामुळे तुम्हाला उगाच हेलपाटा."

तीन वर्षांनी खऱ्या खुन्यानं स्वतःच कबुली दिली आणि कुरामोची सुटले. परवा सकाळी ते तोफूच्या दुकानासमोर दिसले. दुकानदारीण सुटे पैसे देताना वाकली, हे मात्र ताठ उभे. मान जराही हलली नाही.

मी पुढे गेले आणि भर रस्त्यात कमरेतून वाकले. "बटण मी दाबलं होतं, कुरामोचीसान. तुम्ही निर्दोष आहात हे ठाऊक असून दाबलं."

मी वर उठेना. तेव्हा त्यांनी घाईघाईनं माझं कोपर धरलं आणि मला उभं केलं.

"पुरे, पुरे बाई," ते खांबाकडे बघत कुजबुजले. "एवढा वेळ वाकू नका. वर कॅमेरा आहे."