गोळीचा सोमवार

नागनाथमामा गेल्याचा फोन लातूरहून आला तेव्हा माझ्या तळहातावर रक्तदाबाची गोळी होती. सोमवार होता. मी आधी गोळी गिळली, मग रडलो. उलटं केलं असतं तर मामा रागावले असते...

मामांचं लातुरात कापडाचं छोटं दुकान. खप मुख्यतः आहेराच्या टॉवेल-टोपीचा. आमच्याकडे पाहुण्याला टॉवेल-टोपी केल्याशिवाय लग्न पार पडत नाही, आणि ती टोपी कुणी घालतही नाही. ती पुढच्या लग्नात पुढच्या डोक्यावर जाते. मी दिलेली एक टोपी दोन वर्षांनी माझ्याच डोक्यावर परत आली होती. आतला शाईचा डाग माझाच, म्हणून ओळखली.

मी नांदेडचा. कापसाच्या एका जिनिंग मिलमध्ये वजनकाट्यावर होतो, ती बंद पडली. त्याच वर्षी डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळ्या चुकल्या तर किडन्या जातील. आमचं घर महादेवाचं, सोमवारचा उपास पिढीजात. मी गोळ्यांनाही सोमवार धरायला लावला. तेवढंच पाकीट लांबतं! मग गुरुवार, मग शनिवार... श्रावणात तर माझ्या गोळ्या माझ्यापेक्षा धार्मिक झाल्या. बायकोला सांगितलं, डॉक्टरांनीच कमी केल्या.

अशाच एका सोमवारी मामा घरी आले. त्यांना साखरेचा आजार. पाण्याचा तांब्या पुढं ओढत म्हणाले, "चल बाळू, दोघं मिळून घेऊ गोळ्या."

"आज उपास आहे, मामा."

"गोळीचा?"

मामांनी फळीवरचा डबा उपडा केला. पंधरा दिवसांत संपायचं पाकीट तितके दिवस उलटले तरी अर्धं भरलेलं.

"महादेवाला लोक बेल वाहतेत रे. तू किडनी वाहायलास का?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला तेव्हाच कळलं. तिनं येऊन पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या बोटानं मोजल्या, आणि तेच फार लागलं. मग माझा मानीपणा जागा झाला. म्हणालो, "मी कुणापुढं हात पसरणार न्हाई, मामा."

"हात कोण मागायलंय? पाय पुढं कर."

आमच्याकडे मामानं भाच्याच्या पाया पडायची रीत आहे. सत्तरीचे मामा वाकले, माझ्या घोट्यावर अंगठा दाबला. सुजेत खड्डा पडला. तो भरून येईपर्यंत ते तसेच वाकून बघत राहिले.

"मामानं भाच्याला द्यायचं असतंय," ते म्हणाले. "न्हाई घेतलंस तर पाप मला हाय."

पुढच्या आठवड्यापासून लातूरच्या बसनं, ओळखीच्या कंडक्टरच्या हाती, कोऱ्या टॉवेलात बांधून गोळ्या येऊ लागल्या. मामा आहेर घ्यायला आलेल्यांना सांगत, "धा टोप्या कमी घ्या. त्या पैशात एका माणसाच्या महिन्याच्या गोळ्या होतेत." मामी डोक्याला हात लावायच्या, "हे दुकान चालवायलेत का मोडायलेत?" अशा गोळ्या घेणारे आम्ही सात-आठ जण होतो, कोण कोण, ते मामांनी कधीच कुणाला सांगितलं नाही. अट एकच: टॉवेल परत येताना त्यात रिकामी पाकिटं पाहिजेत. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये म्हणतात. मामाला दर महिन्याला रिकामंच परत करणारा भाचा मीच.

दोन वर्षांनी दालमिलमध्ये काम लागलं. सूजही उतरली होती. मामांना सांगितलं, आता माझं मी घेतो. "मग टॉवेल पुढं दे," एवढंच म्हणाले. आता त्यात गोळ्या बांधून तो मी मुदखेडच्या एका शिंप्याच्या घरी नेतो. त्याच्या मुलीला फिट येते. रिकामी पाकिटं मी बोटानं चाचपून बघतो. ती पोरगी हसते.

त्या सोमवारी लातूरला पोचलो. माती झाल्यावर मामींनी मामांच्या उशाखालचा एक टॉवेल माझ्या हातात दिला. आत मामांची स्वतःची पाकिटं होती, वरवर सगळी रिकामी. "म्हणायचे, दुसऱ्याचं तपासायलो तर आपलंबी दाखवता आलं पायजे," मामी म्हणाल्या. "एकबी चुकवली न्हाई बघ."

तो टॉवेल माझ्या गोळ्यांच्या डब्याखाली घडी घालून ठेवलाय. शेवटच्या पाकिटात एकच गोळी शिल्लक आहे, त्या सोमवारची. मामा पहाटेच गेले... आयुष्यात एकदाच त्यांनी गोळीला सोमवार धरायला लावला.