थोरलीची तीन अंडी

माझी मावशी शिवणकाम करते. पडदे, गाद्यांच्या खोळी, शाळेचे गणवेश, येईल ते. तिचं एकच तत्त्व: आधी मोजायचं, मग कापायचं. काकांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, तत्त्व कोंबड्या. छापखान्यातली बाइंडिंगची नोकरी संपल्यापासून मागच्या अंगणातलं खुराडं हेच त्यांचं ऑफिस झालं होतं. त्यांच्या कोंबड्या शुद्ध जातीच्या, गडद लाल. आईसारखी लेक आणि लेकीसारखी नात. मावशीने त्यांच्या नाकावर टिच्चून फिकट तपकिरी संकरित कोंबड्या आणल्या आणि त्याच खुराड्यात सोडल्या.

"शुद्ध जात काय चाटायचीय? अंडी माझ्याच जास्त देतात," मावशी म्हणायची.

"दोन वर्षं देतील, मग आटोपलं. माझ्या सावकाश देतात, पण वर्षानुवर्षं देतात," काका म्हणायचे. या वादाशिवाय त्यांना घास उतरत नसे.

मग काका अंगणाच्या पायरीवरून घसरले, मांडीचं हाड मोडलं आणि काही महिने अंथरुणाला खिळले. मी मदतीला राहायला गेले. मला कोंबड्या आवडत नाहीत हे आधीच सांगून टाकते. त्या अशा बघतात की वाटतं, आत्ताच आपल्याविषयी काहीतरी बोलून झालंय. मावशीलाही खुराड्याची सवय नव्हती. अंडी तिला आयती टोपलीत मिळायची. आता दाणापाणी, साफसफाई आणि शिलाई असं सगळंच तिच्या गळ्यात पडलं, तेव्हा ठरलं, की दोन्हींपैकी एक जात देऊन टाकायची. खाद्याच्या दुकानवाल्याकडे गिऱ्हाईक होतं, रविवारी दुकानवाला स्वतःच न्यायला येणार होता.

"कोणत्या द्यायच्या ते अंडी ठरवतील. मोजल्याशिवाय मी काही कापत नाही," मावशी म्हणाली.

काका भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यांनी पाळलेल्या पहिल्या कोंबडीची पणती, थोरली, अजून खुराड्यात होती. तिच्या काळजीने त्यांच्या ताटातलं अन्न तसंच राहत होतं. मला त्यांची फार दया आली, पण मावशीपुढे बोलायची माझी छाती नव्हती.

दोन्ही जातींची अंडी तपकिरीच. ओळखायची कशी? मावशीने नियम केला: जिच्याखाली अंडं, तिचं ते. मलाही तो अगदी सरळ वाटला.

पहिल्या सकाळी थोरली अंड्यांच्या पेटीत ठाण मांडून बसली होती. मावशीने तिच्याखाली हात घातला, तर तिने पिसं फुगवली, गुरगुरली आणि कचकन चोच मारली.

"अगदी माझ्या सासरची आहे!" असं म्हणत मावशीने हात बाहेर काढला. पुन्हा घातला, पुन्हा काढला. तीन अंडी निघाली. संकरित कोंबड्या अंगणात निवांत हिंडत होत्या. त्यांच्या नावावर एकही नाही.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. एक कोंबडी दिवसाला एकच अंडं देते एवढं मलाही माहीत होतं. मग ही तीन कुठून? आम्ही दोघी पेटीसमोर आ वासून उभ्या. मावशीने पेटी उलटी करून पाहिली, मी उगाच कौलांकडे पाहिलं. गुरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला विचारलं, तर तो म्हणाला, "जीवनसत्त्वं." त्याने तर आणखीच डोकं फिरलं. त्या आठवड्यात मावशीने एका गणवेशाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

शेवटी तिने काकांना सांगितलं. काका चक्क उठून बसायला निघाले. "चोच मारते का गं? पिसं फुगवते?"

"मारते ना! माजलीय नुसती."

"हं," म्हणून काकांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडताहेत. पण त्या दिवशी ते पोटभर जेवले.

"अहो, हरले मी," मावशी शनिवारी म्हणाली. "अशी कोंबडी बघितली नाही. गुणाची आहे तुमची थोरली." काकांचा चेहरा असा उजळला, की मीच दुसरीकडे बघितलं.

पण कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. रविवारी खाद्यवाला कोंबड्यांसाठी पाट्या घेऊन आला, पेटीत डोकावला आणि खो खो हसला.

"काकू, ही खुडूक आहे! उबवायला बसलीय. खुडूक कोंबडी अंडं देते का कधी? तुमच्या संकरित हिच्या पेटीत शिरून घालून जातात, ही चोचीने पोटाखाली ओढून घेते."

"मग यात हिची किती?"

"एकही नाही."

मावशी तरातरा आत गेली. मागोमाग मी.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"तू सांगितलंस त्याच दिवसापासून," काका म्हणाले. "सांगितलं असतं तर थोरली गेली असती. आणि तू... तू कधी नव्हे ते तिचं कौतुक करत होतीस. ऐकावंसं वाटलं गं." मग हळूच म्हणाले, "दे तिला. मोजून झालंय तुझं."

मावशी जिंकली होती. मी वाट बघत होते, आता ती आख्ख्या गल्लीला ऐकवणार. तिने गळ्यातली टेप बोटाला गुंडाळली, पुन्हा सोडली. मला काही कळेना. मग ती अंगणात गेली.

"संकरित घेऊन जा," ती खाद्यवाल्याला म्हणाली.

"अहो काकू, पण अंडी तर ह्याच..."

"मला मोजायला शिकवू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली पेटीत बसलेलीच होती. मावशीने तिच्याखाली हात घातला, चोच खाल्ली आणि काहीच न घेता घरात आली. काका उशीला टेकून वाट बघत होते.

"थोरलीने किती दिली आज?"

मी तोंड उघडलं. मावशीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी ते मिटलं. रिकामी टोपली पाठीमागे धरून ती म्हणाली, "तीन."

काकांनी गंभीरपणे मान हलवली. "वाटलंच होतं मला," ते म्हणाले.