मामांनी न पाठवलेली गिऱ्हाइकं

चांदोलीचं जंगल बघायला आलेल्या माणसानं कुठं जेवावं, हे ठरवायचा अधिकार या पृथ्वीवर एकाच माणसाला होता, तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. हा अधिकार त्यांना वनखात्यानं दिला नव्हता, ग्रामपंचायतीनंही नाही. जंगलाच्या नाक्याकडं जाणारा रस्ता आमच्या गावात जिथं वळतो, तिथं एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीचा ओटा आहे. फौजेत लांगरी म्हणून, म्हणजे जवानांचा स्वयंपाकी म्हणून नोकरी करून मामा परत आले आणि त्या ओट्यावर जाऊन बसले. एवढीच त्यांची नेमणूक. वळणावर गाडी हळू होते. हळू झालेल्या गाडीतला माणूस काच खाली करून विचारतो, "आजोबा, इथं चांगलं जेवण कुठं मिळेल?" विचारणारच, कारण आमच्या गावात ओळीनं हॉटेलं आहेत आणि प्रत्येकाच्या पाटीवर 'घरगुती' लिहिलेलं आहे. त्यांतलं एक हॉटेल माझं. ते त्या ओट्यापासून साठ पावलांवर आहे. मी मोजली आहेत. अकरा वर्षं मामांनी त्या साठ पावलांवर एकही गिऱ्हाईक पाठवलं नाही. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं त्यांच्याबद्दल माझ्या तोंडून काही चांगलं निघालं तर ते नाइलाजानं निघालं असं वाचकांनी समजावं.

मामांना प्रश्न विचारणं सोपं होतं, पण उत्तर लगेच मिळत नसे. आधी ते ओट्यावरून उतरून गाडीभोवती एक फेरी मारत. मग विचारत, "जंगलात निगालाय का जंगलातनं आलाय?" कारण त्यांच्या मते ही दोन वेगळी पोटं होती. जंगलात निघालेल्या माणसाला ते लसूण खाऊ देत नसत. "लसणाचा वास दोन डोंगर जातोय. गवा तितनंच मागारी फिरंल आन् तुमी सरकारला शिव्या घालत बसाल." अशा लोकांना ते पुलाच्या टोकाला राहणाऱ्या आक्कांकडं पाठवत. आक्कांकडं दहीभात आणि नाचणीची भाकरी एवढंच मिळतं. जंगलातून आलेल्यांना पुढचा प्रश्न असे, "काय दिसलं?" काहीच दिसलं नाही म्हणणाऱ्याला ते माझ्या समोरच्या पैलवानाकडं पाठवत. पैलवानाचा रस्सा असा आहे की पहिल्या वाटीलाच डोळ्यांना पाणी येतं, आणि मामांचं म्हणणं, आलेल्या माणसाला रडायचं असतंच, निदान त्याला निमित्त मिळावं. गवा दिसलेल्या माणसाला मात्र ते हात हलवून सांगत, "कुटंबी जावा. तुमाला आज काय खाल्लं त्ये कळणार न्हाई." यानंतर मी रस्त्यापलीकडून आशेनं बघत असे, कारण 'कुठंही'मध्ये मीही येतो. पण मामा लगेच पुढं म्हणत, "म्हंजे पैलवानाकडं, न्हाईतर आक्काकडं."

हे सगळं ते अंदाजानं सांगत नसत. नवीन हॉटेल निघालं की मामा तिथं जेवायला जात आणि मागच्या दारानं आत शिरत. "फुडनं काय, समदीच चकचकीत असत्यात," असं म्हणून ते आधी भांडी घासायची जागा बघत, मग मागच्या दाराशी बसलेलं कुत्रं. कुत्रं हडकुळं असेल तर बसून जेवत. कुत्रं गुबगुबीत असेल तर तसेच परत फिरत. "कुत्रं जाड, म्हंजे लोकं ताटात टाकून उटत्यात." एका नव्या मालकानं झुंबर लावलं, गादीच्या खुर्च्या आणल्या, पुण्याहून आचारी आणला. मामा मागून गेले, त्याचं कुत्रं बघितलं आणि बाहेर येऊन मालकाला खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "खुर्च्या चांगल्या हायत्या. इकताना भाव येईल." मालकानं मोसम संपायच्या आत त्या विकल्या. घेतल्या मी, निम्म्या किमतीत. त्या अजून माझ्याकडं आहेत.

मी या गावचा नव्हे. माधवनगरचा. वडील कापडगिरणीत होते, ती थंडावल्यावर मी चहाचा गाडा घेऊन इथं आलो. गाड्याची टपरी झाली, टपरीचं हॉटेल झालं. यात कुणाचा हात नाही, माझ्या तोंडाचा आहे. घासाघीस केल्याशिवाय मी आजवर काडेपेटीसुद्धा घेतलेली नाही. रागाचं म्हणाल तर तो येतो, पण भाव उतरवायला उपयोगी पडतो म्हणून मी त्यावर औषध घेतलेलं नाही. हॉटेलची पाटी रंगवायची होती तेव्हा पेंटर अक्षरावर पैसे मागत होता, जोडाक्षराचे जादा. माझं नाव चंद्रशेखर. त्या माणसानं माझ्यासमोर बोटांवर हिशेब करायला सुरुवात केली, तेव्हा मी त्याचा हात धरला आणि बायकोचं नाव सांगितलं. 'हॉटेल सुमन.' तीन साधी अक्षरं. त्या दिवशी मी खूश होतो. आयुष्यातला सगळ्यात महाग सौदा मी त्या दिवशी केला हे कळायला अकरा वर्षं लागली.

झालं असं. दिवाळीच्या सुट्टीतला रविवार होता. साताऱ्याकडचं एक कुटुंब गाडी घेऊन आलं आणि गाडी थेट माझ्या दारात लागली. दारं उघडली. आजी उतरल्या. मी टेबलावर ओलं फडकं मारायला सांगितलं. तेवढ्यात गाडी चालवणारा म्हणाला, "जरा त्या बाबांना विचारून येतो," आणि तो साठ पावलं चालून मामांकडं गेला. दोन मिनिटांनी परत आला, आजींना पुन्हा गाडीत बसवलं आणि गाडी वळवून पैलवानाच्या दारात नेली. मी हातातल्या पळीसकट ओट्यावर गेलो.

"मामा, गाडी माझ्या दारात लागली होती! म्हातारी उतरली होती!"

"व्हय, बगितली की मी. चांगल्या वाटल्या म्हातारबाई."

"मग?"

"त्येंनी इचारलं, सुनेला तिकट चालत न्हाई, तितलं जेवण तिकट असतंय का. आता जावईबापू, तुमचं तिकट किती हाय ह्ये मला काय म्हाईत? मी कवा खाल्लंय तुमचं? त्येंच्याच हाती पैलवानाला फिक्कं कर म्हणून निरोप धाडला. जे आपण खाल्लं न्हाई, त्ये दुसऱ्याला खा म्हणून कसं सांगायचं?"

"मग खावा की एकदा! अकरा वर्षं कुणी हात धरलाय तुमचा?"

मामांनी माझ्या पाटीकडं बघितलं. मीही बघितलं. मग सावकाश म्हणाले, "पोरीच्या घरी जेवू?"

आता हे सांगायला पाहिजे. सुमनचे आईवडील ती लहान असताना गेले. मामांनी तिला वाढवलं, कन्यादान त्यांनीच केलं. ज्या घरी लेक दिली त्या घरचं खायचं नाही ही जुन्या लोकांची रीत. पुष्कळ घरांत नातवंड झालं की ती सुटते. मामांनी ती जन्मभर धरली. आमच्याकडं सणाला आले तरी व्हरांड्यात बसत आणि फौजेतल्या हिरव्या बाटलीतलं स्वतःचं पाणी पीत. हे मला माहीत होतं. पण चाळीस माणसं पैसे देऊन जिथं जेवतात ते हॉटेल म्हणजे सुमनचं घर, हे माझ्या डोक्यात यायचं काही कारण नव्हतं. तिचं नाव मी अक्षरं मोजून लावलं होतं.

मी सौदा सुरू केला. म्हणालो, पाटी बदलतो. ते म्हणाले, "पाटी बदलून पोरगी बदलती व्हय?" मी म्हणालो, तुमच्याकडून पैसे घेतो, सगळ्यांसारखं बिल देतो. "भाचीच्या दारात पैसं टाकून जेवू? त्यापरीस उपाशी मेलेलं बरं." मी म्हणालो, आत येऊच नका, पार्सल देतो, इथं ओट्यावर बसून खावा. यावर त्यांनी बराच विचार केला. मला वाटलं, उतरला भाव. मग विचारलं, "चूल कुनाची?" मी म्हणालो, माझी. "मग झालं की," असं म्हणून त्यांनी पुढच्या गाडीला हात केला. मी आयुष्यात खाटकांना, टेम्पोवाल्यांना, एकदा तर वीजमीटर बघायला आलेल्या माणसाला घोळात घेतलेलं आहे. या माणसानं तसूभर सोडलं नाही.

घरी येऊन मी सुमनवर ओरडलो, हे तू मला आधी का नाही सांगितलंस. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "आवं, तुमी इचारलं कवा? तुमी निस्तं मोजत हुता."

पुढच्या उन्हाळ्यात मामा ओट्यावरच चक्कर येऊन पडले. आम्ही त्यांना कराडशेजारी मलकापूरला एका लहान दवाखान्यात नेलं. रक्तदाब वाढलेला. तेलकट, बाहेरचं काही नको म्हणून सांगितलेलं, आणि घरचं म्हणजे आमचंच. मामा एकटे, त्यांच्या घरी चूल ते स्वतःच पेटवत. तीन दिवस त्यांनी केळी आणि चहात बुडवलेली बिस्किटं यांच्यावर काढले. सुमन डबा घेऊन जायची, उशाशी ठेवायची, तसाच परत आणायची. तिसऱ्या दिवशी परत येताना एसटीत ती डबा मांडीवर धरून रडली. मला म्हणाली, "समद्या गावाला जेवाय लावतंय म्हातारं, आन् सोता..."

चौथ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टर फौजेतून निवृत्त झालेले, हे मी आल्या दिवशीच भिंतीवरच्या फोटोवरून हेरून ठेवलं होतं. त्यांना बाजूला घेतलं आणि म्हणालो, "साहेब, त्यांना जेवा म्हणून विनंती करू नका. हुकूम द्या." हे मी म्हाताऱ्याच्या काळजीनं केलं की हॉटेलच्या, असं मला कुणी विचारू नये. दोन्ही होतं. डॉक्टर हसले, खोलीत गेले आणि दारातूनच मोठ्यानं म्हणाले, "लांगरी! भाचीच्या घरचा डबा खायचा. रोज. दोन्ही वेळा. हुकूम आहे!"

मामा पलंगावर ताठ बसले. "जी साब!" अकरा वर्षांची, खरं तर जन्माची रीत, त्या दोन शब्दांत सुटली. आता गिऱ्हाइकं माझी, म्हणून मी मनात पैलवानाला रामराम ठोकला. आणि तेवढ्यात डॉक्टर जाता जाता म्हणाले, "आणि बिनमिठाचा हं. कणभरही नको."

सुमननं हॉटेलातलीच आमटी मीठ घालायच्या आधी काढून आणली. मामांनी पहिला घास घेतला. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो, परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसा. ते बराच वेळ चावत राहिले. आमटी चावायची नसते, पण ते चावत राहिले. डोळे मिटलेले. सुमन त्यांच्याकडं बघत होती, मी त्यांच्या तोंडाकडं. शेवटी म्हणाले, "डाळ चांगली शिजलीया." बस. दुसरं काही नाही. वाटी मात्र पुसून खाल्ली.

मामा पुन्हा ओट्यावर बसायला लागले, मोसम सुरू झाला आणि पहिल्याच शनिवारी माझ्याकडं तीन म्हातारे गृहस्थ आले. "वळणावरच्या बाबांनी पाठवलंय," एकजण म्हणाला. अकरा वर्षं ऐकायचं राहून गेलेलं वाक्य. मी स्वतः पाणी घेऊन गेलो, त्या गादीच्या खुर्च्या ओढून दिल्या आणि मटणाचं ताट सांगायला तोंड उघडलं. ते गृहस्थ म्हणाले, "आम्हा तिघांनाही बीपी. बाबा म्हणाले, अळणी आमटी खावी तर इथंच, सबंध तालुक्यात अशी डाळ शिजत नाही."

त्यानंतर गाड्या थांबेनात. गुडघे दुखणारे आले, डायलिसिसवाले आले, डॉक्टरांनी तेल बंद केलेले आले. फलटणहून एक पूर्ण ज्येष्ठ नागरिकांची सहल आली आणि अठ्ठावीस माणसांनी मिळून एक लोणच्याची फोड मागितली, वास घ्यायला. माझ्या मटणाची चव घेतलेला माणूस ते विसरत नाही, आणि माझ्या दारात रांग लागली ती मीठ न खाणाऱ्यांची. मी पुन्हा ओट्यावर गेलो. "मामा, माझं मटण!"

"त्ये कुटं खाल्लंय मी?" मामा शांतपणे म्हणाले. "हुकूम आमटीचा हुता."

मागच्या थंडीत मामा गेले. ओटा आहे, गिरणी तशीच बंद आहे. गाड्या आता वळणावर हळू होतात, पण लोक काच खाली करत नाहीत, फोनकडं बघून पुढं जातात. जंगलात निघालात की जंगलातून आलात, हे त्यांना कुणी विचारत नाही. पाटी मी बदललेली नाही. तिचा रंग उडाला तेव्हा पेंटर पुन्हा आला आणि अक्षरावर पैसे मागायला लागला. मी त्याला आहे तेच लिही म्हणालो. घासाघीस केली नाही, त्यामुळं तो घाबरला.

सकाळी डाळ शिजली की सुमन मीठ घालायच्या आधी एक लहान पातेलं बाजूला काढते. एखादे दिवशी कुणीतरी म्हातारा विचारत येतो, मग ते त्याला जातं. आला नाही तर दुपारी गर्दी ओसरल्यावर मी त्या गादीच्या खुर्चीत बसून ते खातो. समोर मीठ असतं, मी घेत नाही. बराच वेळ चावत बसतो. सुमन आतून विचारते, "कशी झालीया?"

"डाळ चांगली शिजलीय," मी म्हणतो.