उपाशी गोधडी

सकवारबाई माझी थोरली जाऊ. सगळं शिवाजीनगर तिला अक्का म्हणतं, मीसुद्धा. जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून तिनं संसार ओढला. बाई गुणाची, पण शिवता शिवता तंद्री लागली की दहा हाका मारा, ओ देईल तर शपथ!

यंदा चर्चचं ज्युबिली वर्ष. अशा वर्षी जुनी कर्जं सोडून द्यावीत, असं त्यांच्या धर्मात सांगितलंय म्हणे. म्हणून चर्चच्या बायका, मशिदीमागच्या बायका आणि आम्ही भजनातल्या, सगळ्यांनी मिळून मागणी केली: गरीब देशांचं कर्ज माफ करा. श्रीमंत देशांच्या बैठकीत एक गोधडी पाठवायची ठरली, ठिगळागणिक एकेका देशाचं नाव. काम अक्काकडं आलं. मी म्हटलं, "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं!"

ती कुठली ऐकते! दुपारी खिडकीतलं ऊन मांडीवर घेऊन बसायची. सुई चालायची, डोळे मिटायचे. मग हळूच सांगायची, "हेमलता, मालावी आली होती गं आत्ता. माझ्याच वयाची. जिना चढून दमली, पाणी मागितलं." पुढं झांबियाही यायला लागली. दोघी उंबऱ्याशी बसायच्या. मी चिडायचे, "देश कधी जिना चढतात का?" पण खरं सांगते, चहा गाळताना माझाही हात एक कप जास्त काढायचा.

आमच्या घरची रीत अशी, की शेवटचा कोपरा शिवायच्या आधी गोधडीत भाकरीचा घास ठेवायचा. गोधडी उपाशी, तर पांघरणारा उपाशी. अक्काला ही रीत एकदाच मोडावी लागली. थोरले दीर गेले, दवाखान्याचं कर्ज मागं राहिलं, आणि व्याज भरता भरता घरात घास उरेना. त्या वर्षीच्या गोधडीत तिची लेक भव्या कितीदा तरी न जेवता निजली. भव्या आज शहराच्या त्या टोकाला, मारतहळ्ळीत चांगल्या नोकरीला आहे. पण अक्काच्या मनातून ते जात नाही.

या गोधडीत तिनं घास घातला आणि कोपरा शिवला. रविवारी चर्चच्या सिस्टर जसिंता न्यायला आल्या. कोपरा चाचपला आणि त्यांचा चेहरा उतरला. "अक्का, खायची वस्तू आत असली तर विमानतळावरच अडवतील. स्वल्प, थोडंसंच उसवा ना."

अक्कानं गोधडी उराशी धरली. "पुन्हा उपाशी धाडू? नाही जमायचं."

भव्या आली होती, तिनं समजावलं. मी तर ओरडलेच, "मग शिवलीस कशाला एवढी?" अक्कानं विचारलं, "सिस्टर, ही पांघरणार कोण?"

"कुणीच नाही, अक्का. टेबलावर पसरतील. भोवती श्रीमंत देशांचे साहेब बसतील."

"असं होय! मग जाऊ दे उपाशी. त्यांच्यापुढं उपाशीच जायला हवी."

तिनं टाके उसवले, घास काढून घेतला आणि गोधडी सिस्टरच्या हातात दिली. मग भव्याकडं वळली. "आ कर."

"आई, भाकरी वाळलीय गं."

"वाळू दे. फार उशीर झाला माझ्याकडून. खा."

भव्यानं आ केला. एवढी मोठी साहेबीण, ती वाळकी भाकरी चावता चावता हुंदके देऊन रडली, आणि मीही रडले.