ऊन मागितलं म्हणून

नागपुरात कुणी मला विचारलं, "तू गडचिरोलीकडची ना? मग तुमच्याकडे ते कुरमाघर असतं का गं?" की माझ्या डोक्यात तिडीक जाते. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असतं. त्याला ते फक्त माझ्या तोंडून ऐकायचं असतं, म्हणजे मग चुकचुकता येतं. हो, असतं. पाळीच्या दिवसांत बायकांनी गावाबाहेरच्या ज्या झोपडीत राहायचं, ते कुरमाघर. आमच्या गावचं पावसात गळायचं, त्याला धड दार नव्हतं, आणि एकदा साप निघाल्यावर कुणी आत जायला तयार नव्हतं. मी त्याची बाजू घेत नाही. उद्या ते पाडायचं ठरलं तर पहिली कुदळ मीच मारीन.

पण पुरुषांनी त्या बाजूला फिरकायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. त्यामुळे कुरमाघराच्या मागच्या कुंपणावर आमचे पाळीचे कपडे राजरोस उन्हात वाळायचे. आई ते घासून धुवायची, झटकायची आणि ऐसपैस पसरून टाकायची. पाहणारंच कुणी नसल्यामुळे लाजायचा प्रश्न नव्हता. कपडा कडकडीत वाळायचा.

अकरावीला मी नागपूरच्या एका वसतिगृहात आले. सगळ्या आदिवासी मुलीच. पक्की इमारत, डोक्यावर पंखा, नळाला पाणी. अधूनमधून कुणी पाहुणे येऊन पॅडची पाकिटं वाटून जायचे. ती संपली की पुढचे पाहुणे येईपर्यंत पुन्हा कपडा. पॅड टाकायला डबा नव्हता, त्यामुळे एकदा संडासाचा पाइप तुंबला आणि वसतिगृह सांभाळणाऱ्या मॅडमनी पॅडवर बंदीच घातली. वर, "जंगलातल्या पोरी," असं ऐकावं लागलं ते वेगळंच. डबा आणून ठेवावा, हे मात्र कुणाला सुचलं नाही.

मग कपडा धुवायचा आणि वाळवायचा कुठे? गच्चीला कुलूप. खिडकीसमोर रस्ता, रस्त्यापलीकडे मोठी इमारत, तिच्या बाल्कनीत सदानकदा कुणीतरी उभं. म्हणून आम्ही ओले कपडे गादीखाली पसरायचो आणि त्यांच्यावरच झोपायचो. सकाळी ते दमटच असायचे, कुबट वास यायचा, तरी तेच पुन्हा वापरायचो. गावात आईने असा कपडा माझ्या हातातून हिसकावून चुलीत घातला असता.

माझ्या खोलीत माझ्याच तालुक्यातली एक मुलगी होती. मॅडमनी हाक मारली तरी दचकायची, इतकी भित्री. गणितात मात्र आमच्या सगळ्यांच्या पुढे. बारावीच्या वर्षी तिला जांघेत खाज सुटली, मग जखमा झाल्या. ती वर्गात बसेना, फेंगडी चालायला लागली. मी हट्टाने तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय होतंय? ही खाली मान घालून गप्प. शेवटी मीच सांगितलं. बाईंनी मलम दिलं आणि बजावलं, "कपडा उन्हात वाळवायचा. नाहीतर हे पुन्हा होईल, वाढेल."

मी तशीच मॅडमकडे गेले. गच्चीची चावी मागितली.

"गच्चीवर ते कपडे? काहून वं, डोकं फिरलं का तुयं? समोरच्या बिल्डिंगीतून लोक पाहून राहतात. उद्या काही झालं तं तुमचे मायबाप माहीच मान धरतील," मॅडम म्हणाल्या. त्यांची भीती खोटी नव्हती, हे मला आज कळतं. पण त्यांच्या भीतीचं ओझं आमच्या अंगावर का, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आजही कळत नाही.

जखमा सुकल्या आणि पुढच्या पाळीला परत चिघळल्या. ती तिची पेटी भरू लागली. म्हणाली, "मी घरी जातो. परीक्षा नाही देत. बसताच येत नाही तं पेपर कसा लिहू?" मला माहीत होतं, आमच्याकडे अशी गेलेली मुलगी परत येत नाही. वर्षभरात तिचं लग्न लागतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याच आठवड्यात पाहुण्यांचा कार्यक्रम होता. विषय मासिक पाळी आणि अंधश्रद्धा. मला भाषण करायचं होतं. मॅडमनीच ते लिहून दिलं होतं: कुरमाघर किती वाईट, शहरात आल्यावर आमचं जीवन कसं उजळलं, वगैरे. पहिला भाग मी म्हटला, कारण तो खरा होता. मग कागदाची घडी घातली.

"गावात आम्हाला घराबाहेर काढतात, ते वाईटच," मी म्हणाले. "पण तिथे आमचा कपडा उन्हात वाळतो. इथे आम्ही ओल्या कपड्यावर झोपतो. इथे पोरींना जखमा झाल्या आहेत. आम्हाला भाषण नको, गच्ची उघडून द्या."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पाहुण्याबाई ओशाळं हसल्या, आम्हाला बंदी असलेल्या पॅडचीच पाकिटं वाटली, फोटो काढला आणि गाडीत बसून गेल्या.

त्या दिवशी जेवणाच्या हॉलमध्ये मॅडमनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. "पाहुण्यांपुढे नाक कापलं. माफी माग, नाहीतर सामान बांध." हे छप्पर गेलं तर माझंही शिक्षण संपणार होतं. तरी मी म्हणाले, "खोटं बोलले असते तर मागितली असती."

"कुठं आहे जखम? दाखव ना कोणाले झाली तं!"

मी नाव घेणार नव्हते. मॅडमना ते पक्कं माहीत होतं, म्हणून तर विचारलं.

तेवढ्यात मागून बाक सरकल्याचा आवाज झाला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंपुढे जिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, ती उभी राहिली होती. "मले झाली," ती म्हणाली. आवाज थरथरत होता, पण मोठा होता. "जांघेत झाली. आत्ता दाखवू का, मॅडम?"

मॅडमनी मान फिरवली. कोपऱ्यातून आणखी एक मुलगी म्हणाली, "मलेही." मग तिच्या बाजूची. मग कोण कोण बोलत होतं ते कळेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी गच्ची उघडली. माझ्या माफीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. मॅडमनी एकच अट घातली: कपड्यांवर चादर टाकायची, बाहेरून काही दिसता कामा नये. चादरही त्यांनीच काढून दिली.

माझ्या मैत्रिणीने ती चादर घडीसकट जिन्यात ठेवली आणि ती फेंगडत वर गेली. रस्त्याच्या बाजूची दोरी निवडली, आपला कपडा झटकला आणि ऐसपैस पसरला. समोरच्या बाल्कनीत कुणीतरी उभं होतं. तिने त्याच्याकडे टक लावून पाहिलं, तो आत जाईपर्यंत.