मशीन येण्याआधीचा वर्ग

माझी मावशी कॉलेजात गणित शिकवायची आणि मी तिच्याच वर्गात होते. घरी ‘मावशी’, कॉलेजात ‘मॅडम’. एकदा भर वर्गात माझ्या तोंडून ‘मावशी’ निघून गेलं, तेव्हा सगळ्यांत जास्त तीच हसली.

प्राचार्यांनी संगणकाचा नवा विषय जाहीर केला आणि तो मावशीच्या गळ्यात घातला. मुलं आली, पण मशीनचा पत्ता नाही.

“मशीन येईपर्यंत थांबू या,” प्राचार्य म्हणाले.

“मुलं आलीत ना? मग झालं तर!” मावशी म्हणाली.

तिनं आम्हालाच मशीन केलं. फळ्यावर सूचना लिहायची. एक जण त्या क्रमानं वाचायचा, दुसरा बेरीज करायचा. वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी होती, तिला आम्ही मौनीबाई म्हणायचो. ती आकडे लक्षात ठेवायची. मी चिठ्ठ्या घेऊन इकडून तिकडे पळायची.

एक दिवस मी पळतेय, पळतेय, गणित काही संपेना. शेवटी धापा टाकत विचारलं, “मॅडम, थांबायचं कधी?”

मावशीनं फळ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “अगं, थांबा म्हणून मी लिहिलंच नाही की!”

तेवढ्यात गणिताचे विभागप्रमुख दारात आले. “इथं वर्ग चाललाय की पोरखेळ?”

“दोन्ही, सर. बसा ना, वजाबाकीला माणूस कमी पडतोय.”

सर बसले नाहीत, पण उभ्याउभ्या तास संपेपर्यंत पाहत राहिले.

पुढच्या वर्षी मशीन आलं. ते आत घ्यायला दाराची चौकट फोडावी लागली. त्याच्यासाठी खोली गार ठेवायचे, त्यामुळे उन्हाळ्यात सगळ्या प्राध्यापकांना संगणकाबद्दल शंका यायला लागल्या.

स्वतंत्र विभाग झाला, तेव्हा मात्र नियम आडवा आला. प्रमुखाकडे त्याच विषयाची पदवी हवी. मावशीकडे ती कुठून असणार? मग तिनं दुसऱ्या कॉलेजातून परीक्षेचा अर्ज भरला. मौनीबाई आणि मीही तीच परीक्षा देणार होतो.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग तसंच ठेवून त्यांनी विचारलं, “आणि विद्यार्थिनी पुढे गेल्या तर?”

“तर शिकवणारी चांगली होती म्हणायचं!”

आम्ही तिघी एकाच बाकावर बसून अभ्यास केला. निकाल लागला तेव्हा मौनीबाई पहिली होती, मावशी दुसरी. माझा नंबर मात्र विचारू नका. मावशी स्वतःचे गुण न बघताच मौनीबाईच्या घरी पोचली आणि तिच्या आईला म्हणाली, “तुमची लेक मला मागे टाकून गेली हो!” जणू बक्षीस हिलाच मिळालं होतं.

तो विभाग मावशीनं निवृत्त होईपर्यंत सांभाळला. आता मौनीबाई तिथं प्रमुख आहे, आणि बोलायला लागली की थांबत नाही. मावशी अजूनही आठवड्यातून एकदा पहिल्या वर्षाला शिकवायला जाते. वरचे वर्ग नकोत म्हणते.

“का गं?” मी विचारलं.

“पहिल्या वर्षाला अजून काहीच येत नसतं,” ती चपला घालत म्हणाली, “खरी मजा तिथंच असते.”